सरकारदरबारची वाट वाचनालयातून

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी असते. ती सर्वस्वी खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्या सहा महिन्यांपैकी किती कचेरीने घालविले आणि किती आपल्या अपुऱ्या माहितीने, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. अर्ज भलत्याच खात्याकडे जातो, जोडावयाचा दाखला राहून जातो, मुदत टळून गेल्यावर योजना कानी येते. कारण आपली माहिती बहुधा ऐकीव असते. शेजाऱ्याने सांगितले, कचेरीच्या फाटकाशी बसणाऱ्या मध्यस्थाने सांगितले, नाहीतर अलीकडे मोबाईलवर कोणीतरी धाडले! उद्या ते चुकीचे निघाले तर यांपैकी एकही जण जबाबदार नसतो. शिष्यवृत्ती हुकते ती आपल्या मुलाची आणि कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी हेलपाटे पडतात ते आपल्याच घरच्या विधवा भगिनीला.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांच्या बाबतीत या अडचणीला आणखी एक पदर आहे. आपण राहतो एका राज्यात आणि मराठी वृत्तपत्रे वाचतो ती पुष्कळदा दुसऱ्या राज्याची. पुण्याच्या नातलगाने कळविलेली सवलत इंदूरला किंवा हैदराबादला लागू असेलच असे नाही. अनुसूचित जातींची यादी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४१ प्रमाणे राज्यवार ठरते. एका राज्याच्या यादीतील जात दुसऱ्या राज्याच्या यादीत असतेच असे नाही. आणि असली तरी स्थलांतरित कुटुंबाला नव्या राज्याच्या सवलती आपोआप मिळत नाहीत. उलटपक्षी, महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातील भागात शिकलेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत स्वतंत्र तरतूद आहे. म्हणजे जे आपले नाही ते आपले समजून आपण धावतो आणि जे आपले आहे त्याची कित्येकांना वार्ताही नसते. असा घोळ शाळेचा कारभार पाहणाऱ्याच्या नजरेस दरवर्षी निकालानंतर पडतो.

शब्दांचीही तीच गत. महाराष्ट्रात आणि गुजरातेत शेतजमिनीचा जो कागद ‘सातबारा’ म्हणून ओळखला जातो, तोच बेळगावकडे ‘पहाणी’ होतो, मध्य प्रदेशात ‘खसरा-खतौनी’ मागतात, तर गोव्यात ‘नमुना एक आणि चौदा’ म्हणावे लागते. नाव न कळल्यामुळे माणूस चुकीच्या खिडकीपुढे तासन्‌तास उभा राहतो.

यावर उपाय काय? माझे नम्र मत असे की, कचेरीची पायरी चढण्यापूर्वी माणसाने सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढावी. वाचनालय म्हणजे कथा-कादंबऱ्या बदलण्याची आणि दुपारी वर्तमानपत्र चाळण्याची जागा, अशी आपली समजूत झाली आहे. ज्यांनी ही चळवळ आपल्या प्रांतात रुजविली, त्यांची दृष्टी याहून फार मोठी होती.

बडोद्याचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना जवळचे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेला माणूस वाचावयास काही न मिळाल्यास पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांनी ओळखले होते. अमेरिकेच्या प्रवासात पाहिलेल्या ग्रंथालयांवरून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या तज्ज्ञास बोलाविले, मध्यवर्ती ग्रंथालयाची मांडणी केली आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या. पुढे १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. राज्यकारभारातील शब्दांना आठ भाषांतील प्रतिशब्द त्यात दिले आहेत. शासनाची भाषा प्रजेस कळली पाहिजे, हा विचार एका मराठी राजाने गुजराती मुलखात कृतीत आणला, ही गोष्ट आपण अभिमानाने स्मरावी. परंतु नुसते स्मरण करून भागणार नाही. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे, बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. एवढा जुना वारसा दाराशी असता आपण माहितीसाठी पानपट्टीच्या ठेल्यावर उभे राहतो, यालाच काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात!

आता प्रत्यक्ष काय पाहावे ते सांगतो. प्रथम राजपत्र. कायदा, नियम, अधिसूचना यांचे अधिकृत रूप तेथे छापले जाते. वृत्तपत्रातील बातमी ही त्या निर्णयाची वार्ता होय, निर्णय नव्हे. मंत्रिमहोदयांनी सभेत केलेली घोषणा आणि अंमलात आलेला आदेश यांतही अंतर असते. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१५ पासून आपल्या राजपत्राची कागदी छपाई बंद केली आणि ते संगणकावर सर्वांस विनामूल्य खुले केले. त्यामुळे वाचनालयाच्या कपाटात नवे अंक न दिसल्यास निराश होऊ नये. ग्रंथपालांकडे संगणकाची विचारणा करावी. संगणक नसल्यास तो मिळावा म्हणून सभासदांनी सह्यांचे निवेदन द्यावे. जुने राजपत्र, जिल्ह्याचे गॅझेटियर, जनगणनेची पुस्तके आणि महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे ‘पदनाम कोश’ व ‘शासन व्यवहार कोश’ हे ग्रंथ मात्र मोठ्या वाचनालयाच्या संदर्भविभागात आवर्जून पाहावेत.

कोणताही सरकारी कागद हाती आला की चार प्रश्न विचारावेत. तो कोणत्या खात्याने काढला? त्यावर क्रमांक व तारीख आहे का? तो कोणत्या राज्याला आणि कोणत्या माणसांना लागू आहे? नंतर तो बदलला किंवा रद्द तर झाला नाही ना? संगणकावर पाहताना पाचवा प्रश्न जोडावा : संकेतस्थळाचा पत्ता खरोखर सरकारचा आहे का? भारत सरकारच्या व राज्यांच्या बहुतेक अधिकृत पत्त्यांच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असते. सरकारी बोधचिन्ह कोणीही चिकटवू शकतो. पत्त्याचे हे शेपूट मात्र सहसा सरकारी संस्थेलाच मिळते. सार्वजनिक संगणकावर आधार क्रमांक, बँकेचा तपशील अथवा मोबाईलवर आलेला गुप्त क्रमांक टाकण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा, आणि उठण्यापूर्वी आपले खाते बंद केले की नाही हे पाहावे.

जे छापलेले सापडत नाही ते मागण्याचा हक्कही आपल्याला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपली रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, नियम, योजनांची अंमलबजावणी अशा १७ बाबींची माहिती कोणी न मागताच प्रसिद्ध करावयाची असते. या १७ बाबींत एक फार मोलाची आहे. माहिती मिळविण्यासाठी नागरिकांना कोणत्या सोयी आहेत, तसेच लोकांसाठी ग्रंथालय अथवा वाचनकक्ष चालवीत असल्यास त्याच्या वेळा कोणत्या, हेही कार्यालयाने जाहीर करावयाचे असते. कायदा करणाऱ्यांच्या मनात माहिती आणि वाचनकक्ष यांची जोडी होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

एवढ्यानेही न भागल्यास अर्ज करावा. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ते माफ आहे. राज्यांचे शुल्काचे नियम आपापले आहेत. माहिती कशासाठी हवी, याचे कारण द्यावे लागत नाही. उत्तर साधारणतः ३० दिवसांत मिळावयास हवे. जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत. मुदतीत उत्तर न आल्यास ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. लिहिता न येणाऱ्यास अर्ज लिहून देण्यास माहिती अधिकाऱ्याने साहाय्य करावे, असेही कायदा सांगतो.

भाषेविषयी एक भेद ध्यानात ठेवावा. माहितीचा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करावयाचा असतो. परंतु गाऱ्हाणे मांडावयाचे असेल तर राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० आपल्या पाठीशी आहे. केंद्राकडे केंद्रात वापरात असलेल्या, आणि राज्याकडे त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क त्याने प्रत्येकास दिला आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, तेव्हा मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद त्यातच करण्यात आली. हे हक्क वापरले तरच टिकतात. तथापि ज्या राज्यात आपण राहतो तिची भाषा आपल्या मुलांना लिहितावाचता यावी, हेही तितकेच आवश्यक आहे. मराठीचा अभिमान आणि कानडीचे, गुजरातीचे वा तेलुगूचे ज्ञान यांत वैर मुळीच नाही.

शेवटी आपल्या मराठी वाचनालयांच्या चालकांस एक विनंती. आपल्या संस्थेत ‘शासकीय माहिती’ या नावाची एक फाईल उघडावी. राज्यातील शिष्यवृत्त्या, निवृत्तिवेतन, जमिनीचे दाखले यांविषयीचे मूळ आदेश, त्यांच्या तारखा आणि दोन-चार ओळींचा मराठी सारांश तीत लावावा. निवृत्त कारकून, शिक्षक, वकील आपल्यात पुष्कळ आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी या कामी द्यावी. कर्नाटकात आणि तेलंगणात मालमत्ता करासोबत आपण ग्रंथालय उपकरही भरतो, तेव्हा तेथील सरकारी ग्रंथालयात हक्काने जाऊन विचारण्यात संकोच कसला?

माहिती नसलेला माणूस कचेरीत याचना करतो. हाती आदेशाचा क्रमांक असलेला माणूस नागरिक म्हणून बोलतो. हा फरक घडविण्यासाठी फार पैसा लागत नाही. वाचनालयाची वर्गणी, थोडी चिकाटी आणि ऐकीव गोष्टीवर विसंबून न राहण्याचा निश्चय एवढे पुरे आहे. आपल्या मुलाबाळांना वाचनाचे संस्कार देताना हाही संस्कार द्यावा, ही प्रार्थना.