करडई तेलाचे रासायनिक अभिज्ञान

करडई तेलाचे रासायनिक अभिज्ञान : करडईच्या (कार्थॅमस टिंक्टोरियस) बियांच्या तेलाची शुद्धता, वाण व उगम त्याच्या रासायनिक संघटनावरून ठरविण्याची पद्धती. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद), सोलापूर, परभणी इ. जिल्ह्यांत करडई हे काळ्या जमिनीतील ओलाव्यावर येणारे रबीचे पारंपरिक पीक आहे. परिष्करणाने तेलाचा रंग व वास बहुतांशी नाहीसा होतो. त्यामुळे स्वस्त तेलाची भेसळ डोळ्यांना वा जिभेला कळत नाही.

आयोडीन मूल्य (१०० ग्रॅ. तेल शोषून घेते तितके ग्रॅ. आयोडीन) ही जुनी कसोटी होय. ते करडई तेलात सु. १३५–१४८, तर भुईमूग तेलात सु. ८५–९९ असते. दीर्घ साखळीच्या संतृप्त वसाम्लांमुळे भुईमूग तेल बेलिअर परीक्षेत ३९°–४१° से. ला गढूळ होते. करडई तेल सु. १६° से. च्या खालीच गढूळते. हाल्फेन परीक्षेत सरकीचे तेल व बोदवँ परीक्षेत तिळाचे तेल तांबडा रंग देते. काही भेसळी केवळ आर्थिक फसवणुकीच्या नसतात. पिवळ्या धोतऱ्याच्या तेलातील सँग्विनारीन या विषारी द्रव्यामुळे जलशोफाची साथ उद्‌भवते. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीच्या मोहरी तेलाने साठांहून अधिक माणसे दगावली.

वायुवर्णलेखनात तेलातील वसाम्लांची मिथिल एस्टरे करून त्यांचे प्रमाण मोजतात. नेहमीच्या करडई तेलात लिनोलीइक अम्ल सु. ७०–८० टक्के व ओलेइक अम्ल सु. १०–२० टक्के असते. उच्च ओलेइक वाणांत हे प्रमाण जवळजवळ उलट होते. म्हणजे एकाच जातीच्या दोन वाणांची तेले भिन्न दिसतात आणि त्यांतील एक वसाम्लांच्या बाबतीत ऑलिव्ह तेलासारखे भासते. असा पेच स्टेरॉलांच्या विश्लेषणाने सुटतो : डेल्टा-७-स्टिग्मास्टेनॉल करडई तेलात भरपूर, तर ऑलिव्ह तेलात नाममात्र असते. म्हणून एकाच कसोटीवर निर्णय देणे इष्ट नसते.

उगमस्थान ठरविणे याहून अवघड आहे. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या स्थिर समस्थानिकांची गुणोत्तरे पावसाच्या पाण्यानुसार बदलतात आणि त्यांचा ठसा तेलात उमटतो. मात्र तुलनेसाठी निरनिराळ्या प्रदेशांतील व हंगामांतील खात्रीचे नमुने लागतात. सारख्याच हवामानाची लगतची शिवारे अशा परीक्षेने वेगळी ओळखता येत नाहीत. तेथे बियाणे, खरेदी व गाळप यांच्या नोंदींचाच आधार घ्यावा लागतो.