सांता रोझा आंबट का लागतो?

हिमाचल प्रदेशात प्लमच्या बागा म्हटलं की सांता रोझा ही जात आधी डोळ्यांसमोर येते. तिच्याबद्दलची तक्रारही ठरलेलीच: फळ आंबट आणि दोन दिवसांत मऊ. माझ्या मते यातली पहिली तक्रार जातीच्या नावावर खपवली जाते. तिचं मूळ बहुतांशी तोडणीत आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावी ल्यूथर बरबँक यांनी 1885 साली जपानहून प्लमची रोपं मागवली, संकर केले आणि 1906 मध्ये ही जात बाजारात आणली. नोंदी ठेवण्यात हा गृहस्थ अगदीच ढिला असल्याने जातीचे नेमके आईबाप कोण, हे खात्रीने सांगता येत नाही. फळ मात्र चोख निघालं. पिकलेलं कापलं तर गर पिवळा, सालीलगत लालसर, रसाळ आणि सुवासिक; आंबटपणा उरतो तो सालीत आणि बाठीभोवती.

प्लममध्ये केळ्यासारखा पिष्टाचा साठा नसतो. झाडावरून उतरवल्यावर ते मऊ होतं, रंग चढतो, पण गोडी फारशी वाढत नाही. दूरच्या बाजारासाठी अर्धकच्चं तोडलेलं फळ मऊ झालं म्हणून गोड झालं, असं नसतं. एकाच फांदीला जास्त फळं राहू दिली तरी ती लहान आणि फिकी निघतात. विरळणी टाळण्याचा दोषही जातीच्याच माथी येतो.

मग टणक, टिकाऊ जाती का लावू नयेत? लावाव्यात, लांबच्या वाहतुकीत त्या सरसच आहेत. पण त्याही लवकर तोडल्या तर फिक्याच लागतात. शिवाय सांता रोझा स्वतःच्याच परागावर फळ धरते (शेजारी दुसरी जात असेल तर अधिक), आणि सफरचंदाच्या पारंपरिक जातींपेक्षा तिला थंडी कमी पुरते, म्हणून मधल्या उंचीच्या लहान बागांना ती परवडते. ‘कमी’ म्हणजेही सात अंशांखालचे काहीशे तास. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत तेवढी थंडी पडत नाही. लवकर फुलत असल्याने उशिराचा गारठा मोहोर जाळतो, ही तिची खरी उणीव. नाजूकपणाही खराच. त्यावर उपाय म्हणजे पिकलेला माल जवळच्या बाजारात विकायचा किंवा जॅम-सरबताकडे वळवायचा, आणि लांब पाठवायचा तो निदान पुरेसा रंग चढल्यावरच तोडायचा.