खाद्यतेलावरील आयात शुल्क : संरक्षण कोणाला, भार कोणावर?

भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना व ब्राझीलमधून, तर सूर्यफूल तेल रशिया व युक्रेनमधून येते. त्यामुळे खुल्या व्यापाराचे आणि संरक्षक धोरणाचे परिणाम या एका वस्तूच्या शुल्कात स्पष्टपणे दिसतात.

१९८६ मध्ये सुरू झालेल्या तेलबिया तंत्रज्ञान मोहिमेनंतर १९९० च्या दशकाच्या प्रारंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात ६५ टक्के शुल्कासह खुली झाली. १९९८ पर्यंत हे शुल्क १५ टक्क्यांवर आले. ग्राहकाला स्वस्त तेल मिळाले; मात्र तेलबिया उत्पादकाला जागतिक दरांशी थेट स्पर्धा करावी लागली आणि आयातीवरील अवलंबित्व वाढत गेले.

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने शुल्क पुन्हा वाढवले. कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील प्रभावी शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के, तर शुद्ध तेलावरील १३.७५ वरून ३५.७५ टक्के झाले. किरकोळ बाजारात तेल महागले. सोयाबीनचा दर मात्र मध्य प्रदेश व महाराष्ट्रातील अनेक बाजार समित्यांत क्विंटलला ४,८९२ रुपये या हमीभावाखालीच राहिला.

याचे एक प्रमुख कारण सोयाबीनच्या दाण्यातच आहे. त्यात तेल सुमारे १८ ते २० टक्के असते. गाळपानंतर उरणारा बहुतांश भाग पेंड असतो. पेंडीचा दर पशुखाद्याची मागणी व जागतिक बाजार यांवर ठरतो. तो उतरला की तेलावरील शुल्काचा लाभ उत्पादकापर्यंत पुरेसा पोहोचत नाही.

मे २०२५ अखेरीस कच्च्या तेलावरील प्रभावी शुल्क १६.५ टक्के करण्यात आले. शुद्ध तेलावरील ३५.७५ टक्के कायम राहिले. दोहोंतील तफावत ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेल्याने कच्चे तेल आणून देशातच शुद्ध करणे अधिक किफायतशीर ठरले. ग्राहकाला दिलासा आणि शुद्धीकरण उद्योगाला संरक्षण मिळाले. तेलबिया उत्पादकाचे संरक्षण मात्र घटले.

शुल्कामुळे शेतकऱ्याला मुदत मिळते. उत्पादकता आपोआप वाढत नाही. भारतात सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन सुमारे एक टन, तर ब्राझीलमध्ये तीन टनांहून अधिक आहे. सुधारित बियाणे, सिंचन आणि हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी यांची जोड मिळाली, तरच ग्राहकाने सोसलेली दरवाढ उत्पादकाच्या कामी येऊ शकते.