जुने गोवे पाहायचे तर नार्व्यापर्यंत जा

जुन्या गोव्याची सहल आखणारे बहुतेक जण ती दोन-तीन तासांत उरकतात. बॉम जेझू बासिलिका, से कॅथेड्रल, दोन-चार फोटो, की पणजीची परतीची बस. एकेकाळी हे आशियातल्या मोठ्या व्यापारी शहरांत गणले जाई. साथींनी ते ओस पडत गेले, १८४३ साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला गेला आणि मागे उरली ती मुख्यतः चर्चेस. १९८६ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो योग्यच होता. पण चर्चेस पाहिली म्हणजे शहर पाहिले, असे होत नाही. त्या शहरात सत्ता कशी रुजली आणि तिथून कोणाला बाहेर पडावे लागले, हे समजून घ्यायचे असेल तर सहलीचा शेवट डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला, सप्तकोटेश्वराच्या देवळात व्हायला हवा.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत. देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख ते आपल्या बिरुदात अभिमानाने करत आणि तो त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवरही आढळतो. मूळ देऊळ जुन्या गोव्यासमोरच्या दिवाडी बेटावर होते. बहमनी काळात ते पडले आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. पुढे १५६०च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते पाडले आणि १५६२ साली पलीकडच्या काठावर से कॅथेड्रलचे काम सुरू झाले. एक वास्तू जाते आणि दुसरी उभी राहते, मधे फक्त नदी. लिंग विहिरीच्या कामाला लावले होते आणि भाविकांनी ते रातोरात नदीपार डिचोलीच्या हद्दीत नेले, असे परंपरा सांगते. त्या वेळी ही हद्द पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हती.

नार्व्याला आवर्जून थांबून पाहावा तो दारावरचा शिलालेख. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. शिवरायांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाला, एवढाच त्यातला मजकूर. वर्षभरापूर्वी महाराजांच्या फौजा बारदेशात शिरल्या होत्या आणि त्यानंतर पोर्तुगीजांशी तहही झाला होता. अशा वेळी सीमेवरच्या या विस्थापित देवाला पक्के देऊळ देणे हे भक्तीइतकेच राज्यकारभाराचेही काम होते. गाभाऱ्यातले लिंग गुळगुळीत गोल नाही. त्याला पैलू आहेत, म्हणून त्याला धारालिंग म्हणतात.

यावर कोणी म्हणेल की हे देऊळ लहान, नुकतेच डागडुजी केलेले, आणि मूळ जागेवरही नाही. मग भव्य कॅथेड्रलपुढे त्याचे काय? देऊळ लहान आहे खरे. राज्य सरकारने जीर्णोद्धार करून २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले केले, तेव्हा गिलाव्याचा ताजेपणा नजरेत भरतो. पण मूळ जागा सोडावी लागणे हाच तर या देवाचा इतिहास. तो वजा केला तर पाहण्यासारखे फार थोडे उरेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जुन्या जखमा उकरायच्या कशाला? त्याचे उत्तर खुद्द इमारतच देते. उतरते कौलारू छप्पर, समोर दीपस्तंभ आणि गाभाऱ्यावर युरोपीय धाटणीचा घुमट. ज्या सत्तेने देव हाकलला, तिच्या बांधणीतले चांगले ते या देवळाने उचलले. हे पाहून मनात द्वेष घेऊन परतण्याचे कारण नाही.

वेळेची अडचण मात्र खरी आहे. तरी रस्ता सोपा आहे: सकाळी आधी बासिलिका, मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर, फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून उत्तरेच्या धक्क्यावर, आणि दुसऱ्या फेरीने नार्वे. वाटेत पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चपाशी थोडे थांबावे. फेरीसाठी ताटकळावे लागते, म्हणून हातात अर्धाच दिवस असेल तर जुन्या गोव्यातली संग्रहालये वगळावीत. परतताना पुन्हा फेरीने नदी ओलांडायची गरज नाही. नार्व्याहून मये, डिचोलीकडे थेट रस्ता आहे.