आबा, तो डबा उघडू नका!

तुमच्या वीकेंड प्लॅनमध्ये बीड नसणार, मान्य. पण ज्यांना विश्वाचा एक्स-रे काढायचा असतो त्यांच्या नकाशावर आमचा मराठवाडा कधीचाच आहे, बॉस!

हैदराबादला टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, बलून केंद्र आहे. दसरा-दिवाळीपासून एप्रिलपर्यंत तिथून हायड्रोजन भरलेले प्लास्टिकचे अवाढव्य फुगे सुटतात. व्यास ५० ते ८५ मीटर! तीस-चाळीस किलोमीटर वर जायचं, काम उरकायचं, मग उपकरणांचे डबे पॅराशूटनं खाली. कुठे? वारा नेईल तिथे. म्हणून मराठवाड्यातही सूचना येते : शेतात असं काही पडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

एवढी उठाठेव कशाला? तर दवाखान्यातला एक्स-रे छातीतून आरपार जातो, पण आकाशातून येणारा आपल्या हवेतच जिरतो. डोक्यावरच्या हवेचं वजन दहा मीटर खोल पाण्याइतकं आहे. म्हणजे तुडुंब विहिरीच्या तळाशी बसून आकाश बघायचं! लोडशेडिंगच्या रात्री बीडमध्ये चांदण्या जाम भारी दिसतात, पण कृष्णविवराभोवती लाखो अंशांनी तापलेला वायू त्यात कुठून दिसणार?

१९६२ मध्ये अमेरिकेत रिकार्दो जियाकोनींच्या टीमनं रॉकेट सोडून वृश्चिक राशीतला एक्स-रेचा स्रोत शोधला. रॉकेटला मिळाली जेमतेम काही मिनिटं. फुगा तासन् तास तरंगतो. १९६८ मध्ये टीआयएफआरनं हैदराबादहून फुगा सोडून तोच स्रोत टिपला. मात्र त्या उंचीवर फक्त जास्त ऊर्जेचे एक्स-रे पोचतात. बाकीच्यांसाठी उपग्रहच हवा.

तो आला २८ सप्टेंबर २०१५ ला, अ‍ॅस्ट्रोसॅट. त्यातली सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआरची. एक्स-रे साध्या आरशात घुसून बसतात, म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले ३२० पातळ पत्रे एकात एक बसवलेत. तळ्यावर चपटा दगड भिरकावला की टप्पा घेतो ना, तसे किरण त्यांना घासून पुढे जातात. दुसऱ्या एका उपकरणात तर आरसाच नाही, भोकं पाडलेल्या पत्र्याची सावली बघून दिशा ठरवायची. त्याचा डेटा पुण्यात आयुकात येतो. त्यानं पाचशेहून जास्त गॅमा-किरण स्फोट पकडले आहेत. आपण ट्रॅफिकला शिव्या घालत विद्यापीठ चौकात अडकलेलो असतो, तिथून हे हाकेच्या अंतरावर!

फुगे मात्र अजून सुटतात. आता त्यात वातावरणाच्या अभ्यासाची उपकरणंही असतात. आणि मला खरी काळजी आहे ती इथे. फुग्यांचा सीझन आणि ऊसतोडीचा सीझन एकच. बीडच्या कितीतरी वस्त्यांतली धडधाकट माणसं तेव्हा कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे गेलेली असतात. मागे उरतात आजी-आजोबा आणि शाळकरी पोरं. वरून डबा आला तर पहिला हात त्यांचाच लागणार. बॉम्ब समजून कुणी दगड घालेल, कुणी भंगारात किलोवर विकेल. आतल्या काही उपकरणांत हाय व्होल्टेज असतं, म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय एखाद्या पीएचडीवाल्याची काही वर्षं त्या डब्यात बंद असतात, ते वेगळंच. इंग्रजी पत्रक काढून हे आबांपर्यंत कसं पोचायचं?

डब्यावर पत्ता असतो. न उघडता जपून ठेवला तर बक्षीस मिळतं, कळवायला आलेला खर्चही मिळतो. रविवारी गावी फोन लावाल तेव्हा ऊस-पाण्याच्या गप्पांत एवढं घुसडून द्या.