कार्डात राहिलेली अक्षरे

जुना पीसी नव्या संगणकात उभा करणाऱ्या डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये वर्डस्टार हा जुना लेखन-प्रोग्रॅम सुरू होतो, १९९०च्या सुमाराची मराठी फाइलही उघडते आणि पडद्यावर रेघांचे जाळे पसरते. ‘क’ असायला हवा तिथे उभी रेघ, ‘द’ असायला हवा तिथे आडवी. फाइल धडधाकट असते. इस्की या भारतीय संकेतप्रणालीत ‘क’चा क्रमांक १७९, मूळ आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात १७९ म्हणजे चौकट आखायची उभी रेघ. एम्युलेटर आपले काम चोख करतो. त्याच्या पोटातल्या पीसीला मराठी येत नाही, एवढेच.

एम्युलेशनचा बाकीचा इतिहास थोडक्यात असा. १९६४मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६०वर जुन्या १४०१ संगणकाचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय दिली; पुढे १९९७मध्ये आर्केड खेळांसाठी मेम, २००२मध्ये डॉसबॉक्स, २००७मध्ये व्हर्च्युअलबॉक्स. त्यामुळे जुने खेळ वाचले, आणि ते चांगलेच झाले.

मराठीची गोष्ट मात्र जिस्टपाशी सुरू होते. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्यासारख्या अभियंत्यांनी ऐंशीच्या दशकात घडवलेले हे तंत्र पुढे पुण्यात, १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये बहरले. पीसीच्या खाचेत जिस्ट कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेला डीबेस हा नोंदी ठेवण्याचा प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागे, आणि डीबेसला त्याचा पत्ताही नसे. फाइलमध्ये ‘क्ष’ नावाचे अक्षर नसतेच. असतात ते क, हलन्त आणि ष असे तीन बाइट. त्यांची मोट बांधून जोडाक्षर उभे करायचे ते कार्डाने. ज्यांनी हिरव्या पडद्यावर पहिल्यांदा आपले नाव देवनागरीत उमटताना पाहिले, त्यांच्या मनातून तो क्षण गेलेला नाही. इतक्या कमी साधनांत इतके नेटके उत्तर आपल्याकडे क्वचितच निघाले.

‘फाइली युनिकोडमध्ये घ्या आणि यंत्र भंगारात घाला,’ असे सांगणारा एक पंथ आहे. इस्कीपुरते त्याचे अर्धे म्हणणे खरे: युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीवरच बेतलेला असल्याने मजकूर सहज उतरतो. पण उतरतो तो फक्त मजकूर. डीबेसमध्ये बांधलेले नोंदींचे पडदे, शोधाची रीत, छापील तक्त्यांची मांडणी हे सगळे मागेच राहते. संगणकतज्ज्ञ जेफ रोथेनबर्ग यांनी १९९५मध्येच हा धोका मांडला होता आणि पुढे एम्युलेशनने जुनी यंत्रणा चालती ठेवण्याचा आग्रह धरला.

डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावण्याची, अवस्था आणखी बिकट. त्यासाठीच्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची, ७.०. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज एक्सपी टाकून ती चालतेही. मराठी फाँटच्या त्या फाइलींत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि प्रत्येक फाँटघराची मांडणी निराळी. म्हणून रूपांतरात शब्द मोडतात. आणि फाँटचे सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टवरच्या डाँगलला, म्हणजे परवान्याच्या छोट्या ठोकळ्याला, हाक मारते, तेव्हा एम्युलेटरमधून उत्तर येत नाही. दिवाळीच्या तोंडावर रात्र रात्र जागून ट्रेसिंग पेपरवर काढलेली पाने ज्या फाइलींत आहेत, त्या अशा एका ठोकळ्यावाचून अडतात. तो ठोकळा संगणक बदलताना कधी फेकला गेला, हे कुणाच्या लक्षातही राहिले नाही.

जपानकडे पाहिले की वाईट वाटते. एनईसीच्या पीसी-९८ यंत्रात कांजी अक्षरे हार्डवेअरमध्येच होती, आपल्या जिस्टसारखीच. आज डॉसबॉक्स-एक्समध्ये पीसी-९८ उभे राहते, कारण ती यंत्रे जपणारी, उघडून तपासणारी आणि त्यांच्यावर लिहिणारी माणसे तिथे होती. जिस्टसाठी हेच काम करायचे तर सुरुवात एका चालू कार्डापासून आणि आयएसए खाचेच्या जुन्या मदरबोर्डपासून होते. असा संच अजून एखाद्या बंद छापखान्याच्या माळ्यावर धूळ खात असेल. भंगारवाला तो किलोवर नेण्याआधी तिथे पोचायला हवे.