सुरतेत मुलांसह मुक्काम : खेळाच्या खोलीआधी जिना पाहावा

गोव्यातील घरात लग्न ठरले की सुरतेचे नाव निघतेच. रिंग रोडवरील कापडबाजारात साड्या आणि ड्रेस मटेरिअलची खरेदी करून परतायचे, असा दोन-तीन दिवसांचा बेत आखला जातो. कोकण रेल्वेवरून वसई रोडमार्गे गुजरात-राजस्थानकडे जाणाऱ्या काही गाड्या मडगाव आणि सुरत या दोन्ही स्थानकांवर थांबतात, त्यामुळे मुलांनाही सोबत घेतले जाते. मोठ्यांचा दिवस आखलेला असतो, मुलांचा नसतो. दुकानातील पांढऱ्या गादीवर पन्नासावी साडी उलगडली जात असताना सहा वर्षांच्या मुलाने काय करावे, याचे उत्तर पालक मग हॉटेलकडून मागतात. ‘मुलांसाठी खास उपक्रम’ हे शब्द दिसले की खोली आरक्षित होते.

येथेच थोडे थांबणे गरजेचे आहे. हॉटेलात मुलांसाठी काय काय आहे, याची यादी मिळणे सोपे असते. तेथे मुलांकडे लक्ष कोण ठेवते आणि अडचणीच्या वेळी मूल बाहेर कसे पडते, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. कुटुंबासाठी हॉटेल निवडताना या दुसऱ्या प्रश्नांचे मोल पहिल्या यादीपेक्षा अधिक आहे.

तारे काय सांगतात

हॉटेलांना तारे देण्याचे काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या मान्यता व वर्गीकरण समितीमार्फत होते. एक ते पाच तारे आणि त्यापुढे पंचतारांकित डिलक्स अशी ही श्रेणी असून ती पाच वर्षांसाठी दिली जाते. मात्र हे वर्गीकरण ऐच्छिक आहे. तारा नाही म्हणून हॉटेल वाईट ठरत नाही आणि तारे अधिक म्हणून ते मुलांसाठी सोयीचे ठरते असेही नाही. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर दिसणारे तारे तर अनेकदा त्या संकेतस्थळाने स्वतःच्या मोजमापाने दिलेले असतात.

‘किड्स झोन’ या शब्दाचा अर्थही हॉटेलागणिक बदलतो. कुठे ती तळमजल्यावरील चार खेळणी आणि घसरगुंडी असलेली मोकळी खोली असते. तेथे पालकांनी सोबत बसायचे असते. कुठे ठरावीक तासांना चित्रकला, मातीकाम, बिस्किटे सजवणे असे उपक्रम घेतले जातात. तिसऱ्या प्रकारात नावनोंदणी करून, पालकांचा क्रमांक लिहून घेऊन, प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली मुलांना ठेवून घेतले जाते. शहरातील हॉटेलांत हा तिसरा प्रकार कमी आढळतो. जाहिरातीत मात्र तिन्ही प्रकारांना एकच नाव असते.

सुरतेबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हे मूलतः व्यापाराचे शहर आहे. कापड आणि हिरे या दोन धंद्यांसाठी येणारे पाहुणे, हाच येथील हॉटेलांचा मुख्य आधार. खजोद येथील सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन डिसेंबर २०२३ मध्ये झाले, त्यानंतर त्या बाजूलाही हॉटेलांची गरज वाढली. व्यापाऱ्यांसाठी बांधलेल्या हॉटेलात मुलांचे उपक्रम बहुधा शनिवार-रविवारपुरते किंवा सुट्ट्यांपुरते असतात. म्हणून उपक्रम आहेत का, एवढेच न विचारता कोणत्या वारी, किती ते किती, कोणत्या वयाच्या मुलांसाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली आहेत, असे चार प्रश्न दूरध्वनीवरच विचारावेत. या चारांची उत्तरे लगेच मिळाली तर व्यवस्था खरी आहे असे समजण्यास हरकत नाही. ‘आल्यावर बघू’ हे उत्तर आले, तर यादीतील ती ओळ नाही असे धरून चालावे.

सुरतेने शिकवलेला धडा

२४ मे २०१९ रोजी सुरतच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालत होते. जिन्याची वाट आग आणि धुराने बंद झाली आणि मुलांनी खिडक्यांतून खाली उड्या मारल्या. २२ विद्यार्थी दगावले. पाच वर्षांनी, २५ मे २०२४ रोजी, राजकोटमधील टीआरपी गेम झोन ऐन सुट्टीच्या शनिवारी जळाला. तेथे वेल्डिंगचे काम सुरू होते आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता. त्या आगीत २७ जणांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मुलेही होती. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जणांचे प्राण गेले, तेव्हा गोव्यानेही हे दुःख जवळून पाहिले.

या तिन्ही ठिकाणी लोक शिकायला, खेळायला किंवा मौज करायला आले होते आणि संकटाच्या वेळी बाहेर पडण्याची वाट अपुरी पडली. हॉटेलातील खेळाची खोली निवडताना हाच निकष पहिला असावा. ती खोली कोणत्या मजल्यावर आहे? तळघरात किंवा गच्चीवर पत्र्याच्या आडोशाखाली असेल तर ती टाळावी. तिला बाहेर पडण्याची दोन दारे आहेत का? फोम, स्पंज, प्लास्टिकचे चेंडू या वस्तू मुलांना लागू नये म्हणून असतात. पण त्या झपाट्याने पेटतात आणि त्यांचा धूर ज्वाळेहूनही घातक असतो. म्हणून अशा खोलीत अग्निशामक नळकांडे, धूर ओळखणारे यंत्र आणि मोकळा दरवाजा या तिन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत.

अग्निशमन दलाचा दाखला कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे स्वागतकक्षात विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. चांगले हॉटेल हा प्रश्न अपमान मानत नाही. दाखल्याइतकाच बोलका पुरावा जिन्यावर मिळतो. आपत्कालीन जिन्याचे दार कुलूपबंद असेल, पायऱ्यांवर जुन्या गाद्या आणि खुर्च्या रचलेल्या असतील, तर कागद काहीही सांगत असला तरी ते हॉटेल मुलांसाठी योग्य नाही.

पाणी, खिडकी आणि कठडा

गोव्यातील मुलांना पाण्याचे भय कमी असते आणि पालकांना मुलांच्या पोहण्याचा भरवसा अधिक. हॉटेलचा तरणतलाव पाहिला की मुले इतर सारे विसरतात. परंतु बुडणारे मूल चित्रपटात दाखवतात तसे हात हलवून ओरडत नाही. ते बहुधा गुपचूप पाण्याखाली जाते. त्यामुळे तलावाकाठी खुर्चीवर बसून मोबाइल पाहणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे. पाच वर्षांखालील मूल पाण्यात असताना मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे.

तलावाबाबत विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. मुलांसाठी वेगळा उथळ तलाव आहे का? खोली आकड्यांत लिहिलेली आहे का? जीवरक्षक कोणत्या वेळेत हजर असतो? तलावाभोवती कुंपण आणि आपोआप बंद होणारे दार आहे का? पाण्याचा तळ स्वच्छ दिसत नसेल तर मुलांना उतरवू नये. बऱ्याच व्यवस्थापनांकडे क्लोरीन आणि सामूची रोजची नोंदवही असते. मुक्त क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम आणि सामू ७.२ ते ७.८ या दरम्यान असणे योग्य मानले जाते.

खोलीत शिरल्यावर पहिली पाच मिनिटे खिडक्यांना द्यावीत. खिडकी पूर्ण उघडते की तिला अडसर आहे, सज्जाच्या गजांमधून मुलाचे डोके जाऊ शकते का, खिडकीखाली चढता येईल असे टेबल ठेवले आहे का, हे पाहून घ्यावे. टेबल हलवून देण्यास सांगता येते. मकरसंक्रांतीच्या सुमारास सुरतेत असलेल्या कुटुंबांनी गच्चीचा विशेष विचार करावा. १४ आणि १५ जानेवारीला सारे शहर पतंगांसाठी गच्चीवर असते. तो सोहळा मुलांना जरूर दाखवावा, पण कठडा पुरेसा उंच असेल आणि मुलाचा हात मोठ्यांच्या हातात असेल तरच.

कोणत्या भागात उतरावे

रेल्वे स्थानक आणि रिंग रोड हा परिसर खरेदीसाठी सोयीचा. बाजार जवळ असल्याने दमलेल्या मुलाला घेऊन कोणीतरी दुपारी खोलीवर परतू शकते, हा मोठा फायदा. तोटा म्हणजे गर्दी, गोंगाट आणि खेळायला मोकळ्या जागेचा अभाव. अठवा लाइन्सपासून पिपलोदमार्गे डुमस रोडकडे जाणारा भाग तुलनेने मोकळा आहे. तापीकाठचे सुरत मॅरियट किंवा मगदल्ल्याकडील द ग्रँड भगवती ही मोठी हॉटेले याच बाजूला आहेत. विमानतळही याच दिशेला. तापीपलीकडे अडाजण-पाल हा निवासी भाग असून हजीरा रोडवर कोर्टयार्ड बाय मॅरियट आहे. येथून बाजारात जाण्यासाठी पूल ओलांडावा लागतो. मेट्रोच्या कामामुळे रस्त्यावरचा वेळ नकाशातील अंतरापेक्षा अधिक लागू शकतो, याची गणतीही करावी.

मुलांचा सारा दिवस हॉटेलनेच भरून काढावा, ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी. शहर ते काम अधिक चांगले करते. सरथाणा निसर्ग उद्यान हे महापालिकेचे प्राणिसंग्रहालय पाणमांजरांच्या प्रजननासाठी ओळखले जाते. सिटी लाइट भागातील विज्ञान केंद्र आणि पाल येथील जगदीशचंद्र बोस मत्स्यालय यांत अर्धा-अर्धा दिवस सहज जातो. जुन्या शहरातील गोपी तळ्याचे महापालिकेने नूतनीकरण केले आहे. डुमसचा समुद्र पोहण्यासाठी नव्हे. पण पांढऱ्या वाळूत वाढलेल्या मुलांना तेथील काळी वाळू आणि टोमॅटोची भजी यांचे अप्रूप वाटते.

तापीकाठचा सुरतचा किल्ला मराठी मुलांना तर दाखवायलाच हवा. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांनी त्रासलेल्या गुजरातच्या सुलतानाने सोळाव्या शतकात तो बांधवून घेतला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. आता तेथे संग्रहालय आहे. पाठ्यपुस्तकातील एक ओळ मुलांना तेथे दगडी भिंतींतून पाहायला मिळते. या सर्व ठिकाणांचे साप्ताहिक सुटीचे वार आधी विचारून घ्यावेत.

वेळापत्रकातही एक मेख आहे. बाजारातील बहुतेक घाऊक दुकाने रविवारी बंद असतात. तो दिवस मुलांना द्यावा. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत बाजार थंडावलेला असतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत खरेदीचा बेत फसण्याची शक्यता मोठी. गोव्यातील शाळांना नाताळची सुट्टी असते तेव्हा हवा सुखद असते आणि सुरतेत पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, मिळू लागतो.

ताट, खाट आणि बिल

मासळीवर वाढलेल्या गोव्यातील मुलांना सुरतेत एक बदल जाणवतो : कित्येक हॉटेले पूर्णतः शाकाहारी आहेत. अंडीसुद्धा मिळतील का, हे आधीच विचारावे. लोचो आणि खमण हे पदार्थ मऊ असल्याने मुलांना रुचतात. वरचा तिखट मसाला वेगळा मागता येतो. गुजरात दारूबंदीचे राज्य असल्याने हॉटेलातील संध्याकाळ मद्यपानाभोवती फिरत नाही, ही गोष्ट कुटुंबांच्या पथ्यावर पडते.

मुलांचे शुल्क हा वादाचा नेहमीचा विषय. किती वर्षांपर्यंतचे मूल आई-वडिलांच्या खाटेवर विनामूल्य, अतिरिक्त गादीचे किती आणि मुलांचा नाश्ता त्यात धरलेला आहे का, ही तिन्ही उत्तरे लेखी घ्यावीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. सीमेवरील दराची खोली घेताना हा फरक मोठा ठरतो. बिलात सेवाशुल्क आपोआप जोडण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मनाई केली आहे. गाडी पहाटे पोहोचत असेल तर खोलीचा ताबा किती वाजता मिळेल, हेही ठरवून घ्यावे. झोप अपुरी झालेले मूल स्वागतकक्षात सात तास बसू शकत नाही.

एवढी चौकशी करूनही एक काम पोहोचल्यावरच करता येते. सामान ठेवल्यावर मुलांना घेऊन खोलीपासून आपत्कालीन जिन्यापर्यंत चालत जावे आणि वाटेत किती दारे लागतात हे त्यांच्याकडून मोजून घ्यावे. धुरात आणि अंधारात पाटी दिसत नाही, हाताला लागणारी दारे मोजता येतात. मग त्याच जिन्याने खाली उतरून बाहेर पडावे. मुलांना हा खेळच वाटतो. हॉटेलने यादीत लिहिलेल्या साऱ्या उपक्रमांआधी हा एक उपक्रम पालकांनी स्वतः घ्यावा.